हार्डनेस मोजल्याशिवाय मेम्ब्रेन बदलू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे आला की नाशिकमध्ये आरओच्या तक्रारींचा एकच सूर असतो: मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पडदा, वर्षाच्या आतच गेला. दुरुस्तीला आलेला माणूस खिशातून टीडीएस मीटर काढतो, ग्लासात बुडवतो, आकडा दाखवतो आणि नवा मेम्ब्रेन बसवून निघून जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. दोष बहुतेक वेळा मेम्ब्रेनचा नसतो, आणि ज्याचा असतो तो त्या मीटरला दिसतच नाही. आकडे आणि कृती सविस्तर दिल्याने पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर सॉफ्टनरच्या, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या, हिशोबाला लावू नये, ही विनंती.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढे मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. ते क्षार कॅल्शियमचे की सोडियमचे, हे त्याला कळत नाही. मेम्ब्रेनवर चुन्याचा थर चढतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. म्हणजे ५०० टीडीएसच्या एका पाण्यात मेम्ब्रेन सुखाने राहील आणि ५०० च्याच दुसऱ्या पाण्यात काही महिन्यांत भरून जाईल. शाळेच्या जुन्या पुस्तकांत अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणत. शब्द अवघड होता, पण त्यात चाचणीच सांगितली होती: फेस धड होत नाही ते पाणी. आता सगळे 'हार्डनेस' म्हणतात, तर तोच शब्द वापरू.

आपल्याकडे दोन जातीचे पाणी येते. महापालिकेचे पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतले. पावसाचे साठलेले पाणी, त्यामुळे त्यात क्षार कमी. बोअरचे पाणी काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून झिरपत येते आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट घेऊन येते. शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत, आणि उन्हाळ्यात इतरत्रही, ही दोन्ही पाणी सोसायटीच्या एकाच टाकीत मिसळतात, वरून टँकरचे पाणी पडते. डाळ शिजायला वेळ लागतो, चहावर पातळ तवंग धरतो, शॉवरची भोके पांढरी होतात. तेच पाणी स्वयंपाकघरातल्या आरओलाही जाते.

मोजायचे कसे? हार्डनेसचे थेंबांचे किट मिळते. नमुन्याच्या पाण्यात बफरचे थेंब आणि चिमूटभर रंगद्रव्य टाकले की पाणी डाळिंबी होते. मग दुसऱ्या बाटलीतले द्रावण एकेक थेंब टाकत हलवत राहायचे. डाळिंबीचा जांभळट आणि जांभळटचा स्वच्छ निळा झाला की थांबायचे. जांभळ्यावर थांबू नका, नेमकी तिथेच चूक होते. एका थेंबाला किती मिलिग्रॅम ते किटवर छापलेले असते. तेवढाही खर्च नको असेल तर बाटलीत अर्धे पाणी आणि साबणाचा कीस घालून जोरात हलवा. फेसाऐवजी वर दह्यासारखा चोथा तरंगला तर पाणी जड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. या मर्यादा पिणाऱ्यासाठी आहेत, मेम्ब्रेनसाठी नव्हेत. मेम्ब्रेनला २०० चे पाणीही काळजी न घेतल्यास जड जाते.

कारण आरओ क्षार नाहीसे करत नाही, ते उरलेल्या पाण्यात दाटवतो. आत शंभर भाग पाणी गेले आणि तीस भाग शुद्ध निघाले, तर उरलेल्या सत्तर भागांत सगळा चुना येतो. ४०० हार्डनेसचे पाणी वेस्टच्या पाइपात ५७० चे होते. वेस्ट कमी करायचे म्हणून कुणी तो पाइप चिमटला किंवा लहान एफआर (वेस्टची धार रोखणारा फ्लो रिस्ट्रिक्टर) बसवला आणि निम्मे-निम्मे केले, की तेच ८०० वर जाते. पाणी वाचवण्याची इच्छा चांगली आहे, पण न मऊ केलेल्या बोअरच्या पाण्यावर ती मेम्ब्रेनच्या मुळावर येते. थर सुरू होतो तो मेम्ब्रेनच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाणी सर्वांत दाट असते. चुन्याने एफआरचे बारीक छिद्रही आवळत जाते. मग वेस्ट आणखी घटते आणि थर आणखी वेगाने चढतो.

मेम्ब्रेनचा दुसरा शत्रू क्लोरीन. घरगुती मेम्ब्रेनचा पापुद्रा पॉलिअमाइडचा असतो आणि क्लोरीन त्याला कायमचे कुरतडते. नळाच्या पाण्यात जंतूंच्या बंदोबस्तासाठी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेच पाहिजे. मेम्ब्रेनला मात्र ०.१ च्याही आतले हवे. मधला बचाव एकटा कार्बन फिल्टर करतो. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की क्लोरीनची मात्राही वाढवावी लागते, आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर रखवालदार ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकतो ते वेगळेच. टाकी धुतली की पहिला दिवस आरओ बंद ठेवावा. कार्बननंतरच्या नळीतले पाणी क्लोरीनच्या किटने तपासावे. रंग आला तर कार्बन संपला, मग त्याला चारच महिने झालेले असोत.

मेम्ब्रेन खरोखर गेला का, हे ठरवायला मोजमापाचा पेला, घड्याळ आणि टीडीएस मीटर पुरे. मीटर इथे मात्र कामाचा आहे. आरओ दहा मिनिटे चालू द्या. रात्रभर थांबलेल्या यंत्राचा पहिला ग्लास नेहमीच जास्त टीडीएस दाखवतो आणि नेमका तोच ग्लास ग्राहकापुढे धरला जातो. टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू पूर्ण बंद करा. तो उघडा असेल तर शुद्ध पाण्यात कच्चे पाणी मिसळते आणि बिल मेम्ब्रेनच्या नावावर फाटते. मग कच्च्या आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस घ्या. कच्चे ६०० आणि शुद्ध ४० असेल तर ९३ टक्के क्षार अडले, मेम्ब्रेन ठणठणीत आहे. ९० च्या खाली लक्ष ठेवा. ८० च्या खाली गेला की बदला. शेवटी दोन्ही नळ्यांची मिनिटाची धार मोजा. ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन देणारा) मेम्ब्रेन २५ अंशांच्या हलक्या पाण्यावर, पुऱ्या दाबाने मिनिटाला १९०-२०० मिलि देतो. घरात दीडशे मिळाले तरी ठीक. वेस्ट साडेचारशेच्या आसपास हवे. हे आकडे मेम्ब्रेन बसवल्याच्या दिवशीच मार्करने आरओच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक निदानाला त्यांचाच आधार मिळतो.

निदान असे. शुद्ध पाण्याची धार कमी आणि टीडीएस वाढलेला, तर चुन्याचा थर. वेस्टही बारीक झाले असेल तर आधी एफआर बदला, तो स्वस्त असतो. धार नव्यापेक्षाही जास्त आणि टीडीएसही जास्त, तर क्लोरीनने पापुद्रा खाल्ला. अशा वेळी मेम्ब्रेन बदलताना कार्बन बदलला नाही तर नवाही त्याच वाटेने जाणार. धार तशीच आणि टीडीएसची एका दिवसात उडी, तर मेम्ब्रेनची ओ-रिंग सरकली किंवा चिरली. काढून, पाण्याने ओली करून नीट बसवा. धार कमी पण टीडीएस उत्तम, तर मेम्ब्रेनला हात लावू नका. प्री-फिल्टर तुंबला आहे, पंपाचा दाब पडला आहे, अडॅप्टर २४ व्होल्ट देत नाही, नाहीतर थंडी आहे. हो, थंडी. पाणी एक अंशाने गार झाले की मेम्ब्रेनची धार साधारण तीन टक्क्यांनी घटते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे टाकीतले पाणी १५ अंशांवर आले तर पाव हिस्सा धार आपोआप कमी होते आणि फेब्रुवारीत परत येते. त्या दोन महिन्यांत नाशिक-निफाडकडे किती चांगले मेम्ब्रेन कचऱ्यात जात असतील, कोण जाणे.

आता उपाय. पहिला उपाय कुठल्याही यंत्राचा नाही, प्लंबरचा आहे. महापालिकेचे पाणी आणि बोअरचे पाणी वेगळ्या टाक्यांत, वेगळ्या पाइपांनी ठेवा, आणि स्वयंपाकघराचा नळ फक्त महापालिकेच्या पाइपावर घ्या. तेवढ्याने बहुतेक घरांतला मेम्ब्रेनचा प्रश्न सुटतो. किंबहुना आरओचाच प्रश्न सुटतो, कारण धरणाच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या बराच खाली असतो आणि त्याला यूव्ही-यूएफ (अतिनील किरण आणि बारीक गाळणी) पुरते. ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला सांगितले होते, ते याचसाठी.

ज्यांना बोअरशिवाय गत्यंतर नाही त्यांच्यासाठी सॉफ्टनर. त्यात खसखशीएवढे, मधाच्या रंगाचे रेझिनचे दाणे असतात. ते पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाणे भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. सोडियम परत बसते, कॅल्शियम गटारात जाते. ही युक्ती आधी झिओलाइट नावाच्या खनिजांवर चालत असे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे जे गुलाबी-पांढरे स्फटिक ठेवले आहेत, त्यांत याच कुळातली खनिजे आहेत. पाणी जड करणारा बेसॉल्ट आणि ते मऊ करणारे खनिज, दोन्ही एकाच खडकातले.

हिशोब असा करावा. एक लिटर रेझिन काटकसरीने मीठ देऊन सुमारे ५० ग्रॅम हार्डनेस धरते. २५ लिटर रेझिनचे १२५० ग्रॅम झाले. पाणी ४०० चे असेल तर लिटरमागे ०.४ ग्रॅम, म्हणजे ३१२५ लिटर. पण शेवटच्या थेंबापर्यंत ताणू नये, २५०० लिटरना धुवावे. माणशी १३५ लिटरने चौघांना रोज ५४० लिटर लागतात, म्हणजे साडेचार दिवसांनी पाळी येते. प्रत्येक वेळी रेझिनच्या लिटरला १२० ग्रॅम, म्हणजे तीन किलो मीठ. वर्षाला जवळपास २४० किलो! विकताना हा आकडा सांगत नाहीत. संडासच्या फ्लशला माणशी ४५ लिटर जातात, ते सॉफ्टनरच्या आधीच फाटा काढून द्या. मग रोजची गरज ३६० लिटर, पाळी सात दिवसांवर आणि मीठ १६० किलोच्या आत. हार्डनेस मे महिन्यात सर्वांत जास्त आणि पावसानंतर सर्वांत कमी असतो, म्हणून पाळी मे महिन्याच्या आकड्यावर बसवावी आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजून लांबवावी.

आरओच्या आधी बसवायचे दहा इंची 'सॉफ्टनर कार्ट्रिज' याच हिशोबावर तपासा. त्यात फार तर पाऊण लिटर रेझिन मावते, म्हणजे ३७ ग्रॅम. ४०० च्या पाण्यावर ते नव्वद-पंच्याण्णव लिटरमध्ये संपते. आरओ रोज साठ-सत्तर लिटर ओढतो. दीड दिवसात संपणारी वस्तू वर्षभर भिंतीवर लटकत असते. त्यापेक्षा फक्त आरओसाठी तीन लिटर रेझिनचे छोटे भांडे घ्या. दर पाचव्या दिवशी ३६० ग्रॅम मीठ दिले की काम भागते.

मीठ देण्याची कृती. आधी दहा मिनिटे उलटे धुणे: पाणी खालून वर सोडून दाणे मोकळे करायचे आणि साचलेला गाळ काढायचा. यासाठी भांड्यात रेझिनच्या वर निम्मी जागा रिकामी हवी. ती नसली तर दाणे गटारात जातात, आणि खालची जाळी फाटली असेल तर नळाला येतात. मग दहा टक्क्यांचे मिठाचे पाणी, म्हणजे तीन किलोला २७ लिटर, अर्धा तास लावून सावकाश ओढू द्यायचे. इथेच घाई होते. दहा मिनिटांत मीठ ओढले तर निम्मे वाया जाते आणि पाणी दोन दिवसांत पुन्हा जड होते. त्यानंतर त्याच मंद वेगाने आणखी ५० लिटर साधे पाणी, मग पाच मिनिटे जलद धुणे. शेवटी थेंबांचे किट: पहिल्याच थेंबाला निळे झाले पाहिजे. सगळे मिळून सव्वादोनशे लिटर पाणी लागते. खडेमीठ चालते, पण त्यातली माती वेगळ्या बादलीत बसू द्या आणि वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्या. सैंधव नको, त्यातले कॅल्शियम रेझिनलाच जड जाते. वरच्या मजल्यावर टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांनी दाब आधी मोजावा. दहा मीटर उंचीला एक बार या हिशोबाने त्यांना तीनेक मीटरचा ०.३ बार मिळतो आणि त्यावर उलटे धुणे होत नाही. प्रेशर पंप लागतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीत भरून ठेवल्यावर तासाभरात पिवळसर होत असेल, तर सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टर हवा. नाहीतर दाणे तांबूस होऊन निकामी होतात.

सॉफ्टनरने टीडीएस उतरत नाही, किंचित वाढतोच. 'सॉफ्टनर बसवला तरी मीटर तेवढेच दाखवतो, फसवले' ही तक्रार म्हणूनच चुकीची आहे. ४०० हार्डनेस काढताना लिटरमागे १८४ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. त्यामुळे मऊ केलेले पाणी थेट पिऊ नये. मीठ कमी खायला सांगितलेल्यांनी तर नाहीच. आरओतून गेल्यावर त्यातले बहुतेक निघून जाते. कुंड्यांना आणि बागेलाही ते घालू नका, सोडियमने माती घट्ट होते. आणि तुळशीला सॉफ्टनरमागच्या आरओचे वेस्ट पाणी तर मुळीच नको. ते फरशी पुसायला वापरा.

चुंबकाच्या पट्ट्या आणि पाइपावर गुंडाळायच्या 'इलेक्ट्रॉनिक सॉफ्टनर'बद्दल एवढेच, की विकणाऱ्यासमोर आधीच्या आणि नंतरच्या पाण्याचे थेंब मोजा. आकडा तोच येतो. पॉलिफॉस्फेटच्या गोळ्यांचे अँटीस्केलंट कार्ट्रिज मात्र थोतांड नाही. ते हार्डनेस काढत नाही, पण चुन्याचे स्फटिक वाढू देत नाही. बेताच्या हार्डनेसला आणि फक्त आरओसाठी ते पुरते. गोळ्या विरघळून निम्म्यावर आल्या की भराव्यात. गीझरसाठी त्यावर विसंबू नका, गरम पाण्यात फॉस्फेटचे काम संपते.

थर चढायला लागलेला मेम्ब्रेन वाचवता येतो, पण धार दहा-पंधरा टक्केच घटली असेल तेव्हा. निम्मी झाल्यावर खटाटोप व्यर्थ. आधी वेस्टच्या तोंडावरचा पांढरा खर नखाने काढून त्यावर लिंबाचा रस टाका. फसफसला तर चुना आहे. नाही फसफसला तर सिलिका असू शकते, त्यावर हा उपाय चालत नाही. चुना असेल तर तीन लिटर आरओच्या पाण्यात ६० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. बादलीतून पंपाने ते थेट मेम्ब्रेनला द्या, कार्बन मध्ये नको. एफआर काढून वेस्टची नळी मोकळी बादलीत सोडा, म्हणजे दाब न चढता पाणी पृष्ठभागावरून वाहते. पाच मिनिटे फिरवा, अर्धा तास मुरू द्या, पुन्हा फिरवा, असे दोन-तीनदा. मग एफआर बसवून वीस मिनिटे साध्या पाण्याने धुवा आणि आरओच्या पहिल्या दोन टाक्यांचे पाणी फेकून द्या. संडासचे ॲसिड, ब्लीच किंवा गरम पाणी कदापि नाही. गावाला गेल्यावर मेम्ब्रेन कोरडा पडू देऊ नका. परतल्यावर पहिली टाकी ओतून टाकावी.

सॉफ्टनरचे मीठ शेवटी कुठे जाते, हेही पाहायला हवे. मलनिस्सारण केंद्रातले जंतू मैला खातात, मीठ खात नाहीत. ते जसेच्या तसे गोदावरीत उतरते आणि पुढे नांदूर मध्यमेश्वरकडे जाते. म्हणून घरागणिक मोठे सॉफ्टनर बसवण्यापेक्षा सोसायटीने बोअरच्या एकाच पाइपावर, मीटर लावून, मोजून मीठ देणारा सॉफ्टनर बसवणे बरे. बिल्डरांनी नव्या इमारतीत दोन पाण्यांचे पाइप आधीच वेगळे द्यावेत. भिंती फोडून ते नंतर करणे पाचपट महाग पडते. आणि महापालिकेला विनंती, की आपल्या प्रयोगशाळेत हार्डनेस तपासला जातोच, तर तो प्रभागवार दर महिन्याला जाहीर करावा, टँकर भरण्याच्या ठिकाणांसह. टँकरच्या पावतीवर वेळ आणि लिटर असतात, तिथे आणखी एका आकड्याला जागा आहे.

कळावे,
आपले,
घरगुती जलशुद्धीकरणाच्या कामातील काही तंत्रज्ञ,
इंदिरानगर, नाशिक